दिवाणखान्यातला समुद्र

गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभा असताना एका मित्राने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आम्ही पण तुमच्यासारखा रीफ टँक बसवतोय. पाच फुटी! मुलांना निसर्ग कळायला हवा ना." मागे प्रसादासाठी ताटकळलेली मंडळी होती म्हणून मी नुसता हसलो. तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितो. मित्राने राग मानू नये, कारण काही वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः बायकोला ऐकवलं होतं.

ब्रिस्बेनला मास्टर्स करत असताना केर्न्सला जाऊन ग्रेट बॅरियर रीफ पाहिला आणि ते रंग डोक्यात बसले. सिंगापूरला स्थिरावल्यावर, हातात चार पैसे आल्यावर, ते रंग घरी आणायची हौस सुचली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी म्हणजे साडेपाचशेहून जास्त लिटर पाणी, म्हणजे काच-दगड सोडून पावणेसहाशे किलो वजन, तेही एका चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. घराच्या मजल्याचा हिशोब साधारण चौरस मीटरला १५० किलो धरून करतात, हे मला टाकी भरल्यावर कळलं. बायको त्यानंतर काही दिवस टाकीला वळसा घालून चालायची.

मग गाळलेलं पाणी, त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने मीठ, प्रोटीन स्किमर, लाटांचे पंप, निळे दिवे. टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजेपर्यंत पाच-सहा आठवडे नुसत्या दगडांकडे बघत बसायचं. आणि चिलर! प्रवाळाला २५-२६ अंश लागतं, आपल्या हॉलमध्ये असतं ३०. म्हणजे चिलर पाणी थंड करणार, त्याची उष्णता हॉलमध्ये सोडणार, ती घालवायला आपण एसी लावणार. विजेच्या बिलाचा आकडा छापण्याजोगा नाही.

हे सगळं हौसेच्या खात्यात माफ. हौसेला मोल नसतं. माझं भांडण 'निसर्ग कळावा' या शब्दांशी आहे.

एका डिसेंबरात भाच्याच्या मुंजीसाठी पुण्याला गेलो असताना मागे चिलर बंद पडला. मासे बघायला येणाऱ्या शेजाऱ्यांना कळलं ते वासावरून. परत आलो तेव्हा सगळे प्रवाळ पांढरे पडले होते आणि सातपैकी पाच मासे गेले होते. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती रडली नाही. तिने विचारलं, "बाबा, यांना पकडलं कुठून होतं?"

मला माहीत नव्हतं. ऑफिसात डेटाचा एकेक रकाना कुठून आला याची लेखी खातरजमा मागणारा मी. घरात सात जिवंत प्राणी आणले, त्यांचं गाव विचारलं नाही.

नंतर शोधलं. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेतीतले असतात. समुद्रातले अजूनही बहुतांशी पकडलेले असतात, मुख्यतः फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सोडियम सायनाइडचं पाणी खडकांच्या कपारीत फवारून मासे गुंगवून काढायची पद्धत सुरू झाली. मासा कधी वाचतो, कधी वाटेतच मरतो. ज्या प्रवाळावर फवारा बसतो त्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांचा बांगाई कार्डिनल घ्या. नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं लांब वाहून जात नाहीत, त्यामुळे एका किनाऱ्यावरचे मासे उपसले की दुसरीकडून भरती होत नाही. दुकानांत जाऊन जाऊन हा मासा २००७ साली संकटग्रस्तांच्या यादीत गेला. आणि 'डोरी', म्हणजे ब्लू टँग? 'फाइंडिंग नीमो' आला २००३ साली. बंदिस्त पाण्यात ही जात वाढवायला जमली २०१६ साली, फ्लोरिडात. मधली तेरा वर्षं पोरांनी मागितलेली प्रत्येक डोरी समुद्रातूनच आली.

कोणी म्हणेल, सुरमई-पापलेट चापताना कुठे जातो हा कळवळा? रास्त प्रश्न. पण सुरमई खाताना मी तिला मुलांचं निसर्गशिक्षण म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: प्रवाळाचे तुकडे करून ते वाढवण्याची कला हौशी लोकांनीच घासूनपुसून तयार केली. खरं आहे. ज्याला टाकीत वाढलेले तुकडे, टाकीत जन्मलेले क्लाउनफिश एवढ्यावरच समाधान मानता येतं आणि सुट्टीत घर सोडून जायचं नसतं, त्याच्यापुढे मी हात जोडतो. पण आपण डिसेंबरात पुण्याला जाणारी माणसं आहोत.

आणि इतकं करून आणायचं ते काय? जे दाराशी आहे! सिंगापूरच्या पाण्यात कठीण प्रवाळाच्या अडीचशे जाती आहेत. भर घालून जमीन वाढवताना इथला साठ टक्क्यांहून अधिक रीफ गेला, उरलेला गढूळ पाण्यात, प्रकाश पोचेल तेवढ्या काही मीटर खोलीत तग धरून आहे. २०२४च्या जुलैत समुद्र तापला तेव्हा त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक पांढरे पडले. त्यातले बहुतेक पुढे सावरले. माझे सावरले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो.

वर्षाच्या मध्याला मोठी ओहोटी पहाटे असते. मुलीला घेऊन अशाच एका पहाटे जाणकारांबरोबर किनाऱ्यावर गेलो. घोटाभर पाणी, हातात बॅटरी, प्रवाळावर पाय पडणार नाही असं जपून चालणं. मागे कंटेनरची जहाजं दिवे लावून उभी. एका गालिच्यासारख्या समुद्रफुलात नारिंगी क्लाउनफिश होता. हाच मासा मी पैसे मोजून आणला होता. मुलीने त्याच्याकडे जितका वेळ पाहिलं, तितका वेळ टाकीकडे कधीच पाहिलं नव्हतं. टाकी रोजचीच होती ना.

सिस्टर्स आयलंड्सचा सागरी उद्यानाचा भाग २०२४मध्ये पुन्हा खुला झाला, मरिना साउथ पिअरहून बोट जाते. आपल्या गावाकडेही हे आहेच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून २०२०मध्ये प्रवाळाच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या. हाजी अलीला प्रवाळ! वरळीत वाढलेल्या आमच्या मेहुण्यांना ते वर्तमानपत्रातून कळलं. भारतात कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे.

आमची टाकी सध्या रिकामी आहे. गणपतीत तिच्या स्टँडवर मखर छान बसतं. काच विकत मागणारे मंडळातलेच दोघं आहेत, त्यांना नाही म्हटलंय. ओहोटीचं वेळापत्रक हवं असेल तर मात्र सांगा, लगेच पाठवतो.