आधी बंदूक खाली ठेवायला शिकवा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पोहणे, चित्रकला, अबॅकस यांच्या जाहिरातींत आता नेमबाजीच्या प्राथमिक वर्गाचीही जाहिरात दिसते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. साहजिकच हे वर्ग घराघरांतल्या बोलण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर आक्षेपही आले. मुलांच्या हाती बंदूक कशाला? अमेरिकेत काय चालले आहे ते दिसत नाही का? आणि शेवटी, हे श्रीमंतांचे चोचले आहेत.

हे आक्षेप घेणारी माणसे भली आहेत, त्यांची काळजीही खोटी नाही. तरीही हे वर्ग हवेत, आहेत त्याहून जास्त हवेत, असे माझे म्हणणे आहे. मात्र त्यांचे कौतुक करणारी मंडळी आज ज्या कारणासाठी कौतुक करतात, तेही मला मान्य नाही. तेव्हा भांडण दोन्ही बाजूंशी आहे.

पहिला आक्षेप असा की हाती बंदूक दिली की मूल हिंसक होते. असे म्हणणाऱ्याने एखाद्या बऱ्या वर्गात पहिला आठवडा मागच्या बाकावर बसून काढावा. त्याला सर्वांत आधी कंटाळा येईल. कारण तिथे कोणी काही झाडतच नसते. मुले ओळीने उभी असतात, एअर रायफल टेबलावर असते, नळीचे तोंड टार्गेटच्या भिंतीकडे असते आणि नळीतून आरपार एक भडक रंगाचा दोरा ओवलेला असतो. त्याला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार नेमबाजी चालू नसताना तो प्रत्येक बंदुकीत असावाच लागतो, आणि हवेवर चालणाऱ्या बंदुकीत तो नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला दिसावा लागतो. या दोऱ्यामागची अक्कल मला फार आवडते. ‘माझी बंदूक रिकामी आहे’ हे तोंडी सांगणे तिथे चालत नाही, लांबून कोणालाही दिसले पाहिजे. ऑलिंपिक विजेता असो की काल प्रवेश घेतलेली सातवीतली मुलगी, दोरा दोघांनाही सुटत नाही.

मग येतात आज्ञा. ‘लोड’ म्हटल्याशिवाय छर्रा घालायचा नाही, ‘स्टार्ट’ म्हटल्याशिवाय झाडायचा नाही, आणि ‘स्टॉप’ कानावर पडले की चापाकडे निघालेले बोट तिथेच थांबले पाहिजे. अगदी दहा गुणांचा नेम डोळ्यांसमोर जुळून आलेला असला तरी. तेरा वर्षांच्या मुलाला हे किती जड जाते ते शिकवणारेच जाणोत. बोट चापाच्या कड्याबाहेर, दस्त्याला लागून सरळ ठेवायचे, ही सवय लागायलाच कित्येक दिवस जातात, कारण माणसाचा हात बंदुकीवर पडला की तर्जनी आपोआप चापाकडे वळते. नेम धरण्याच्या रेषेपुढे कोणी गेले असेल तर बंदुकीला हातही लावायचा नाही. पडलेला छर्रा उचलायला मध्येच वाकायचे नाही. शेजाऱ्याशी बोलायला वळायचे नाही, कारण आपण वळलो की नळीही वळते. त्यानंतर ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता नुसता नेम धरणे आणि चाप दाबणे, दिवसचे दिवस.

आणि टार्गेट म्हणजे काय? दहा मीटरवर एक कागद, त्यावर एअर रायफलसाठी दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. तिथे छर्रा पोचायचा तर श्वास, खांदा, पोट, पायाचे तळवे, सगळे एका जागी यावे लागते. राग आलेल्या माणसाला हे जमत नाही. मी असे म्हणत नाही की नेमबाजी शिकलेले मूल साधुसंत होते. पण ज्या खोलीत उद्दामपणाला एकही गुण मिळत नाही, त्या खोलीवर हिंसा शिकवल्याचा आरोप ठेवणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे.

इथे समर्थकांपैकी कोणीतरी मदतीला धावून येतो आणि म्हणतो, ‘अहो, ती साधी छर्ऱ्याची बंदूक, तिने काय होते?’ या मदतीपासून देव वाचवो. ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा फोडतो, आणि जवळून लागला तर त्याहून वाईटही करतो. २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, एवढाच तिचा सौम्यपणा. परवाना लागत नाही म्हणूनच शिक्षण लागते. जो वर्ग पालकांना ‘यात धोका काहीच नाही’ असे सांगतो, त्या वर्गातून मूल काढून घ्यावे.

दुसरा आक्षेप अमेरिकेचा. तो बहुतेक वेळा अर्धवट मांडला जातो. तिथला प्रश्न घराघरांत, कपाटाकपाटांत असलेल्या बंदुकांचा आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, एकविसाव्या वर्षाआधी अग्निशस्त्राचा परवाना नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रे सर्वसाधारणपणे बाळगता येत नाहीत. रेंजवरून घरी जाणारा मुलगा पाण्याची बाटली आणि गुणपत्रिका घेऊन जातो. त्यामुळे अमेरिकेचे उदाहरण फेटाळणे सोपे आहे.

सोपे आहे म्हणूनच ते पुरेसे नाही. आक्षेप घेणारे जो पुरावा आणत नाहीत, तो मीच आणतो. २६ एप्रिल २००२ रोजी जर्मनीतल्या एरफुर्ट शहरात एका शाळेतून काढून टाकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने त्याच शाळेत सोळा जणांना मारले. हा मुलगा नेमबाजी क्लबचा सदस्य होता. त्याची शस्त्रे कायदेशीर मार्गाने घेतलेली होती. सात वर्षांनी, २००९ मध्ये, विनेंडन इथे सतरा वर्षांच्या मुलाने पंधरा जणांचा जीव घेतला. ते पिस्तूल वडिलांचे, वडील क्लबचे सदस्य, आणि बाकीच्या बंदुका तिजोरीत कुलूपबंद असताना हे एक पिस्तूल झोपण्याच्या खोलीत उघडे पडलेले. वडिलांवर पुढे खटला चालला, शिक्षाही झाली.

यापुढे नेमबाजीच्या समर्थकाने मान खाली घालून उभे राहावे, हे योग्यच. वर्ग नियत शिकवू शकत नाही. ज्याने मारायचे ठरवले आहे त्याला बंदूक धरण्याचे शिक्षण थांबवणार नाही, उलट सोयीचे होईल. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण जर्मनीने यातून काय केले तेही पाहिले पाहिजे. क्लब बंद केले नाहीत. एरफुर्टनंतर मोठ्या कॅलिबरच्या क्रीडाशस्त्रासाठीचे वय १८ वरून २१ केले आणि पंचविशीच्या आतल्या अर्जदाराला मानसिक तपासणीचे प्रमाणपत्र आणायला लावले. विनेंडननंतर शस्त्रे घरी कशी ठेवली आहेत हे संशय नसतानाही तपासण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. म्हणजे बोट शिकवणीकडे न दाखवता कपाटाकडे दाखवले. विनेंडनमधल्या त्या बापाने बंदूक चालवायला शिकून घेतले होते, ती ठेवायला शिकला नव्हता. हा धडा आपल्या वर्गांनी घेतला आहे का, हे विचारणे मला आक्षेपकांच्या साऱ्या युक्तिवादापेक्षा महत्त्वाचे वाटते.

श्रीमंतांचे चोचले हा तिसरा आक्षेप. त्यात अर्धे तथ्य आहे. परदेशी बनावटीची रायफल लाखांच्या घरात जाते, छर्ऱ्यांचा आणि काडतुसांचा खर्च वेगळा. पण कुसाळेचे वडील शिक्षक, आई गावची सरपंच, आणि तो पुढे आला तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून. अंजली भागवतांना नेमबाजी भेटली ती एनसीसीत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या, त्या कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरातल्या. खेळ महाग आहे हे खरे. तेव्हा तो बंद करा म्हणण्याऐवजी रायफली शाळेच्या मालकीच्या करा म्हणावे.

आता आपल्या बाजूच्या लोकांकडे वळतो. वर्गांचे कौतुक सगळे पदकासाठी चालते. पदक हे कारण फार लहान आहे. शंभर मुले वर्गाला आली तर त्यांतले एखादे राज्यस्तरावर जाईल. उरलेल्यांनी काय नेले? आणि पदकाच्या घाईपायी वर्ग पहिल्याच दिवशी छर्रा हाती देतात, कारण पालक मोबाइल घेऊन उभे असतात आणि आवाज झाल्याशिवाय त्यांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. एका ठिकाणी मी मुलाला रायफल आईच्या दिशेने वळवून फोटोसाठी हसताना पाहिले, आणि शिकवणाऱ्याने ‘रिकामीच आहे’ म्हणून दिलासा दिला. ज्या दोन शब्दांनी जगभर माणसे मेली आहेत, तेच ते दोन शब्द. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर अभिनेत्याच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी नाही असेच सांगितले गेले होते. छायाचित्रकार हलिना हचिन्स त्यात गेल्या.

शस्त्र हाताळणीचे जे चार नियम जगभर शिकवले जातात, त्यांची आजची मांडणी जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाची. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नका. नेम जुळेपर्यंत बोट चापावर नको. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. गंमत म्हणजे कूपर हा खेळाच्या नेमबाजीचा नव्हे, लढाऊ पिस्तूलबाजीचा माणूस, आणि त्याच्या बऱ्याच मतांशी माझे जमणार नाही. नियम मात्र पक्के आहेत. एक मोडला तरी बाकीचे तीन सांभाळून घेतात, अशी त्यांची बांधणी आहे.

हे नियम खरे कोणाला हवेत? ऑलिंपिकचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला हवेतच, पण त्याच्याभोवती निदान प्रशिक्षक तरी असतो. ज्याच्या घरी आधीच शस्त्र आहे, त्याच्याभोवती कोणी नसते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. जिवावरचे पायावर निभावले. मोठ्या माणसाची बातमी झाली म्हणून आपल्याला कळले. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याच्या अर्जदाराने सुरक्षा-प्रशिक्षण घ्यावे अशी तरतूद आहे. त्यात सुरक्षित हाताळणी आहे, साठवण आहे, वाहतूक आहे. कागदावर उत्तम. पण प्रशिक्षण म्हणजे फाइलला जोडायचे एक पान, असा त्याचा अर्थ झाला तर त्या पानाने कपाटातले रिव्हॉल्व्हर रिकामे होत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. वर गेलेली गोळी खाली येते, हे मात्र त्याला कोणत्या वर्गात सांगितले?

आणि कोकण. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, आणि गोव्यातही, पीक संरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घरांत आहेत. रानडुक्कर आणि वानरे भात, नारळ, केळी ठेवत नाहीत, त्यामुळे त्या बंदुकांची गरज शहरात बसून नाकारण्याचे कारण नाही. दर निवडणुकीला त्या पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात आणि ऐन पिकाच्या दिवसांत शेतकरी हात चोळत बसतो, ही तक्रारही रास्त. पण शिकारीला गेलेल्यांत एकाची गोळी सोबत्यालाच लागली, झुडपात हालचाल दिसली आणि डुक्कर समजून झाडली, अशा बातम्याही याच पट्ट्यातून येतात. इथे मोडतो तो कूपरचा चौथा नियम. तो या शेतकऱ्यांना कोणी शिकवलेलाच नाही. आजोबांनी बंदूक दिली, बापाने ठासून दाखवली, एवढेच शिक्षण.

म्हणून माझी मागणी पुण्याच्या बालेवाडीसाठी नाही, तिथे रेंज आहे, प्रशिक्षक आहेत, मुले आहेत. नवशिक्यांचा वर्ग कणकवलीला, सावंतवाडीला, लांज्याला न्या. परवान्याचे नूतनीकरण आता पाच वर्षांनी होते. त्या वेळी तहसीलच्या आवारात एक दिवस बसवा आणि माणसाकडून सही घेण्याऐवजी बंदूक हाताळून घ्या. शिकवायला क्रीडा प्रबोधिनीतून बाहेर पडलेले, पदक न मिळालेले नेमबाज घ्या. अशी मुले-मुली पुष्कळ आहेत आणि त्यांच्या अंगात भिनलेल्या शिस्तीला आज गिऱ्हाईक नाही.

अभ्यासक्रमही शहरातला उचलून चालणार नाही. एअर रायफलचा सेफ्टी फ्लॅग ठासणीच्या बंदुकीला काय कामाचा? ती तोंडाकडून भरतात. आत दारू, वर छर्रे, दाबून बसवलेले. एकदा भरली की रिकामी करण्याचा सोपा उपाय म्हणजे झाडणे, आणि रात्रभर राखण करून डुक्कर आलेच नाही तर पहाटे कोण झाडतो? दारू फुकट जाते, गाव जागे होते. मग ती भरलेलीच घरी येते आणि पडवीत खुंटीला लागते. वर्गाचा पहिला तास याच पहाटेवर हवा. निप्पलवरची ठिणगी पाडणारी टोपी काढून वेगळ्या डबीत, डबी वेगळ्या खोलीत, बंदूक कुलपात, आणि शक्य तिथे घरी निघण्याआधीच बांधाच्या मातीत झाडून मोकळी. दारूचे चार पैसे गेले तर जाऊ देत. शेतकरी यावर हुज्जत घालणार, आणि त्याला पटवायला जो लागेल तो तासही अभ्यासक्रमात धरावा.