विश्वशाळेतील स्वभाषा

निरनिराळ्या राष्ट्रांतील मुले एका छपराखाली आणली म्हणजे त्यांच्या भाषाही आपोआप एकमेकींच्या शेजारी नांदू लागतात, असा एक समज आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांत रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची परीक्षा करावयाची आहे. आणि तीही एका विशिष्ट विद्यालयाच्या संदर्भात, कारण अशा प्रश्नांची चर्चा हवेत केली तर ती सदिच्छांच्या पलीकडे जात नाही. हे विद्यालय म्हणजे दक्षिण वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर, सेंट डोनट्सच्या मध्ययुगीन किल्ल्यात १९६२ साली सुरू झालेले अ‍ॅटलांटिक कॉलेज. नावात ‘कॉलेज’ असले तरी ते वस्तुतः सोळा ते एकोणीस या वयाच्या विद्यार्थ्यांचे निवासी विद्यालय आहे. आपल्याकडील अकरावी-बारावीच्या तोडीचे. आज जगभर पसरलेल्या ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ या विद्यालयांच्या परिवारातील ते पहिले.

या विद्यालयामागील कल्पना कुर्ट हान (१८८६–१९७४) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची. ज्यू कुळात जन्मलेल्या हान यांनी १९२० साली जर्मनीत सालेम येथे शाळा काढली. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या मनाने घेतले की, काल एकमेकांवर शस्त्र उगारणाऱ्या राष्ट्रांची मुले ऐन घडणीच्या वयात दोन वर्षे एकत्र राहिली तर उद्याचे वैर काही अंशी तरी कमी होईल. आरंभी केवळ मुलांसाठी असलेले हे विद्यालय १९६७ पासून मुलींनाही खुले झाले. आणि १९७१ मध्ये ब्रिटिश परीक्षापद्धती बाजूला ठेवून त्याने जिनिव्हात आकारास आलेला ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ हा अभ्यासक्रम संपूर्णपणे स्वीकारला. अशा रीतीने आपल्या देशाचा अभ्यासक्रम सोडणाऱ्या जगातील पहिल्या काही विद्यालयांपैकी ते एक होय.

येथील विद्यार्थिजीवनाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. एका खोलीत साधारणतः चार जण, आणि चौघेही निरनिराळ्या देशांचे. सहा विषय, ज्ञानाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा तपासणारा एक स्वतंत्र पाठ, चार हजार शब्दांचा एक प्रबंध, आणि याखेरीज सर्जन, शारीरिक परिश्रम व सेवा यांसाठी राखून ठेवलेला वेळ. यांतील सेवेला हान यांच्या विचारात मध्यवर्ती स्थान होते. ती केवळ उपचारापुरती नव्हती. समुद्रात सापडलेल्यांना वाचविण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना रीतसर मिळे. थंडी, वारा, भरती-ओहोटी यांची तमा न बाळगता त्याचा सराव चाले. तळ टणक आणि कडा हवेने फुगविलेल्या, अशी जी वेगवान बचावनौका आज जगभर वापरली जाते, ती पहिले मुख्याध्यापक रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १९६० च्या दशकात येथेच विकसित केली. तिचे स्वामित्वाधिकार ब्रिटनच्या जीवरक्षक नौकासंस्थेला अवघ्या एका पौंडात देण्यात आले, आणि त्या संस्थेने आपल्या नौकांच्या एका वर्गाला ‘अ‍ॅटलांटिक’ हेच नाव दिले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर विश्वास टाकला आणि त्यांच्याकडून शिस्तीने काम करून घेतले तर ती काय करू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

परंतु याच विद्यालयात विद्यार्थ्याच्या स्वभाषेचे काय होते? वर्गाची भाषा इंग्रजी, भोजनगृहाची इंग्रजी, चौघांच्या त्या खोलीचीही, स्वाभाविकपणे, इंग्रजीच. स्वभाषेच्या वाट्याला येते ती सांस्कृतिक संध्याकाळ. त्या संध्याकाळी विद्यार्थी आपापल्या प्रदेशाचे पोशाख घालतात, गाणी म्हणतात, नृत्य करतात, घरच्यासारखा एखादा पदार्थ रांधून सर्वांना वाढतात. यात आनंद आहे, आणि त्या आनंदाला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ज्या भाषेत शतकानुशतके विचार झाला, वाद झाले, शंका विचारल्या गेल्या, ती भाषा येथे वेशभूषेच्या पेटीत जाऊन बसते. बचावनौकेला नित्याचा सराव आणि भाषेला वर्षातून एक उत्सव, ही विषम वाटणी आहे. माझा आक्षेप इंग्रजीच्या उपस्थितीला नसून या वाटणीला आहे.

या संदर्भात स्थळाचा आणि काळाचा एक योगायोग विचारात घेण्यासारखा आहे. ज्या १९६२ साली हे विद्यालय सुरू झाले, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वेल्श नाटककार व समीक्षक साँडर्स ल्युइस यांनी बीबीसीच्या नभोवाणीवर एक व्याख्यान दिले. विषय होता वेल्श भाषेचे भवितव्य. आहे हीच गती राहिली तर एकविसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाही, असे त्यांनी बजावले. त्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन त्याच वर्षी वेल्श भाषेची एक संघटना उभी राहिली. पुढे आंदोलने झाली, १९६७ व १९९३ चे भाषाविषयक कायदे झाले, १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि २०११ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे जगातील राष्ट्रांना जवळ आणण्यासाठी इंग्रजी माध्यमाचे एक विद्यालय ज्या भूमीवर उघडले गेले, त्याच भूमीची स्वतःची भाषा त्याच वर्षी आपल्या अस्तित्वासाठी हाक देत होती. विद्यालयाच्या काही वसतिगृहांना ग्विनेद, पाउइस यांसारखी वेल्सच्या जुन्या प्रदेशांची नावे आहेत. नामफलकावर भाषा अशी सहज येते. वर्गात येण्यासाठी तिला निराळे प्रयत्न लागतात.

हे प्रयत्न कसे असू शकतात, याचा एक नमुना आपल्याच देशात आहे. १९२१ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी विश्वभारतीची रीतसर स्थापना केली, तेव्हा सारे विश्व एका घरट्यात यावे हेच तिचे ब्रीद होते. परंतु रवींद्रनाथांच्या घरट्यात पाहुण्यांच्या भाषांनाही जागा होती. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात चीना भवन उभे राहिले, त्यापाठोपाठ हिंदी भवन आले. दुसऱ्याच्या भाषेचे ग्रंथ, तिचे अध्यापक आणि तिच्या अभ्यासासाठी स्वतंत्र वास्तू, असा तो आदर होता. विश्वभारतीत पुढे काय झाले हा निराळा विषय आहे. पण भेटीला आलेल्या माणसाची भाषा शिकणे हा आतिथ्याचाच भाग आहे, ही दृष्टी तेथे मुळात होती.

हान यांच्या परंपरेतील विद्यालयात ही दृष्टी मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. उपरोक्त अभ्यासक्रमातच तिचे बीज आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका भाषेचे साहित्य गंभीरपणे अभ्यासावे, असा त्याचा दंडक आहे; आणि ती भाषा इंग्रजीच असावी असे बंधन नाही. विद्यालयात त्या भाषेचा शिक्षक नसेल तरी विद्यालयाच्या देखरेखीखाली स्वाध्यायाने तो विषय घेता येतो. विद्यार्थ्याने आपल्या भाषेतील साहित्यकृती निवडाव्यात, त्यांच्या जोडीला अन्य भाषांतून अनुवादित झालेल्या काही कृती घ्याव्यात, आणि परीक्षा आपल्या भाषेत द्यावी, अशी ही योजना आहे. नेहमीच्या सूचीत नसलेल्या भाषेसाठीही आगाऊ विनंती करता येते. अट इतकीच की त्या भाषेत पुरेसे विकसित लिखित साहित्य असले पाहिजे. चार हजार शब्दांचा तो प्रबंधही स्वभाषेतील साहित्यावर, स्वभाषेत लिहिता येतो. दूरदेशी, शिक्षकावाचून, सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या भाषेचे साहित्य स्वतःच्या बळावर वाचावे, ही कल्पना मला बचावनौकेइतकीच धाडसी वाटते. खेद इतकाच की भारतातून गेलेला विद्यार्थी या वाटेकडे क्वचित वळतो. शाळेपासूनच इंग्रजी माध्यमात वाढलेला हा विद्यार्थी साहित्याचा विषय म्हणूनही सहसा इंग्रजीच घेतो. आणि मग त्या चौघांच्या खोलीत भारताच्या वतीने इंग्रजीच बोलते.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मैत्रीसाठी एक सामान्य भाषा लागतेच. हे निर्विवाद आहे. पण सामान्य भाषा असणे आणि ती एकमेव असणे यांत अंतर आहे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: पुढे इंग्रजी विद्यापीठांत जावयाचे तर मराठी किंवा कन्नड साहित्याचा उपयोग काय? याचे उत्तर अभ्यासक्रमानेच देऊन ठेवले आहे. दोन भाषांतील साहित्य अभ्यासणाऱ्याला तो द्विभाषिक पदविका देतो, म्हणजे त्याचा गौरवच करतो. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विद्यार्थ्याची निवड त्याची त्यालाच करू द्यावी, स्वभाषेचे ओझे त्याच्यावर लादू नये. मला तो मान्य आहे. परंतु जिच्यासाठी ग्रंथसूची नाही, संपादित पाठ नाहीत, मार्गदर्शक नाही, अशी वाट कोणी निवडली नाही म्हणून ती त्याने स्वेच्छेने नाकारली असे म्हणणे अन्यायाचे होईल. निवडीला आधी पर्याय लागतो.

आणि येथे हा प्रश्न वेल्सच्या किनाऱ्यावरून थेट आपल्यापर्यंत येतो. ‘पुरेसे विकसित लिखित साहित्य’ या अटीसमोर आपल्या भाषांना बिचकण्याचे कारण नाही. साहित्य अकादमी चोवीस भाषांतील ग्रंथांना पुरस्कार देते. मराठीपुरते बोलावयाचे तर नऊ-दहा कृतींची निवड करताना अडचण येईल ती विपुलतेची. तुकारामांचे निवडक अभंग, तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’, दया पवार यांचे ‘बलुतं’ ही सहज सुचणारी नावे. अनुवादांत विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला ‘राजा लिअर’ आहे. पण मला विशेष औचित्याची वाटते ती विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची कादंबरी. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित आणि मायदेशी परतणारे भारतीय एका बोटीवर एकत्र येतात, आणि महायुद्धाच्या छायेत एक मराठी तरुण व एक जर्मन ज्यू तरुणी यांच्यात प्रेम जडते, अशी तिची कथा. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेल्या एका शिक्षकाच्या कल्पनेतून जन्मलेल्या विद्यालयात, सतरा वर्षांच्या मराठी मुलाने ती वाचावी आणि आपल्या खोलीतील जर्मन सोबत्याला समजावून सांगावी, यापरते आंतरराष्ट्रीय शिक्षण कोणते? त्या सोबत्याला युरोपच्या इतिहासाची ती बाजू एका भारतीय भाषेतून प्रथमच कळेल.

महाराष्ट्राचा या विद्यालयांशी आणखी एक नजीकचा संबंध आहे. याच परिवारातील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ मध्ये पुण्याजवळ, मुळशी खोऱ्याकडे पाहणाऱ्या एका टेकडीवर सुरू झाले. याच खोऱ्यात १९२१ साली धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभा राहिला, आणि त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नामाभिधान लाभले. तेथे येणारे नाना देशांचे विद्यार्थी आसपासच्या गावांत सेवाकार्य करतात. ज्या गावकऱ्यांची सेवा करावयाची त्यांची भाषा केवळ पत्ता विचारण्यापुरती ठेवावी, की धरणग्रस्तांच्या आयुष्यावर त्या भाषेत विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ लिहिली गेली आहे हेही जाणावे? सेवेला भाषेची जोड नसेल तर तिचे दयेत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. हा धोका हान यांच्यासारख्या शिक्षकाच्या नजरेतून सुटला नसता असे मला वाटते.

तेव्हा दोष केवळ परक्या विद्यालयाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे. त्या विद्यालयांनी दार किलकिले ठेवले आहे. ते ढकलून उघडण्याचे काम भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांचे आहे. आपण पदव्युत्तर वर्गांसाठी लिहितो, एकमेकांसाठी लिहितो. सोळा-सतरा वर्षांच्या, भाषेपासून दूर पडलेल्या परंतु बुद्धिमान वाचकासाठी सहसा लिहीत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक भाषेतील वीस-पंचवीस कृतींची विचारपूर्वक सूची, सटीप पाठ, आणि महिन्यातून एकदा त्याच्या निबंधावर अभिप्राय देणारा एक अध्यापक, इतकी सामग्री आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांना जड नाही. भारतातून विद्यार्थी निवडणाऱ्या समितीनेही उमेदवाराला त्याच्या भाषेतील एखाद्या ग्रंथाविषयी त्या भाषेतच एक प्रश्न विचारावा. एवढ्याने सारे बदलेल असे नाही. पण स्वभाषेतील ग्रंथ हीही बरोबर नेण्याची शिदोरी आहे, हे त्या मुलाला प्रवासाला निघण्यापूर्वी कळेल. आणि ते त्याला सांगण्याचे उत्तरदायित्व आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाचे नाही.