केकवरची लिपी

गेल्या मे महिन्यात वसईतील एका घरी प्रथम कम्युनियनच्या समारंभास जाण्याचा योग आला. मिस्सा मराठीत झाली, गायने मराठीत झाली, धर्मगुरूंचे प्रवचनही मराठीतच झाले. मांडवात पाऊल टाकताच मात्र सारे पालटले. मेजावर दुमजली पांढरा केक होता आणि त्यावर निळ्या आयसिंगच्या वळणदार इंग्रजी अक्षरांत 'हॅपी फर्स्ट होली कम्युनियन' असे लिहिले होते. 'कम्युनियन'च्या स्पेलिंगमधला एक 'एम' गळाला होता. त्याची कोणाला खंत नव्हती. मुलीची आजी केकजवळ आली. रोझरीनंतर मराठी बायबलचे एखादे पान वाचल्यावाचून ही बाई कधी झोपत नाही. तिने शेजारच्या मुलाला विचारले, "काय रे लिहिलंय यावर?" घरच्या मंगलदिनी, घरच्याच मेजावर, वाचता येणारी बाई निरक्षर ठरली!

माझा वाद त्या एका केकशी नाही. स्नानसंस्कार असो, दृढीकरण असो, लग्नाचा रौप्यमहोत्सव असो, आपल्या केकवर देवनागरीचे एक अक्षरही उमटत नाही. हे कोणी सक्तीने लादलेले नाही. आपणच पैसे मोजून तसे लिहवून घेतो. म्हणून याचा जाबही आपणच दिला पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा की, केक साहेबाचा, तेव्हा अक्षरेही साहेबाचीच शोभतात. मग पाव आणि चावी हे शब्द कुठून आले? पोर्तुगीजांकडूनच ना? ते आपण मराठीत मुरवून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नाताळात मान मिळवणारा केक तेवढा परका का राहावा? आणि साहेबाचीच साक्ष हवी असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांची घ्यावी. जन्माने इंग्रज असलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने 'ख्रिस्तपुराण' रचले. इंग्रजाने ख्रिस्तचरित्र मराठीत गावे आणि मराठी माणसाने आपल्या लेकीचे अभिनंदन इंग्रजीत करावे, याला प्रगती म्हणायचे काय?

दुसरा युक्तिवाद बेकरीवाल्यांचा. माझ्या ओळखीच्या एका बेकरीत मला ऐकवण्यात आले, "मराठी अक्षरे कोनातून निघत नाहीत." 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेथे उपलब्ध नव्हते. संपूर्ण ग्रंथ देवनागरीत यायला १९५६ साल उजाडले. ते काम शांताराम बंडेलू यांनी केले. स्टीफन्स यांची अडचण खरी होती. आपली अडचण कसली? केकवर लिहायला खिळे लागत नाहीत, छापखाना लागत नाही. लागतो तो बटरपेपरचा एक कोन, चिमूटभर रंग आणि लिहिण्याची इच्छा.

जाणत्यांनी सांगितलेली रीत येथे देतो, म्हणजे सबब उरणार नाही. पातळ रंगाने आयसिंग सैल होते आणि अक्षरे पसरतात. म्हणून जेलचा घट्ट रंग घ्यावा. गडद रंग हवा असल्यास तो काही तास आधी मिसळून ठेवावा, कारण मुरल्यावर तो खुलतो. भरमसाट घातला तर कडवटपणा येतो. त्यापेक्षा वितळवलेले चॉकलेट बरे. दात कोरायच्या काडीने आधी शिरोरेषा आखावी. वर मात्रा-रफाराला आणि खाली उकाराला जागा सोडावी. अक्षरे त्या रेषेखाली टांगावीत आणि आयसिंगची शिरोरेषा सर्वांत शेवटी ओढावी, म्हणजे सांधे झाकले जातात. नाताळात करंजीला मुरड घालणाऱ्या हातांना यात अवघड ते काय?

तिसरा युक्तिवाद मात्र मनाला बोचतो. "आमच्या मुलांना देवनागरी धड वाचता येत नाही." हे खरे असेल, तर ती केक इंग्रजीत लिहिण्याची सबब नसून आपल्या घराला लागलेल्या दुखण्याची कबुली आहे. मुलांनी इंग्रजी जरूर शिकावे. पोटापाण्याची ती भाषा आहे. परंतु आजीची लिपी नातवाला परकी झाली, तर प्रार्थनेचे पुस्तक तरी तो कोणत्या बळावर उघडणार? १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचे दार लोकभाषांना उघडले. ज्या भाषेला वेदीपाशी मान मिळाला, तिला आपण मेजापाशी अपात्र ठरवतो. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण अभिमानाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणे सोपे असते. अभिमान घरात आणणे कठीण असते. या पानांवर मराठीचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्यांच्या घरच्या लग्नपत्रिकाही इंग्रजीतच निघाल्या, हेही येथे कबूल केले पाहिजे.

पेन्टेकॉस्टच्या सणाला आपण ख्रिस्तसभेचा वाढदिवस म्हणतो. त्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकू आली. पवित्र आत्म्याने कोणालाही "आधी दुसऱ्याची भाषा शिकून ये" असे सांगितले नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या समारंभाला एवढेच करा. हवा तो मजकूर ठळक देवनागरीत कागदावर लिहून बेकरीवाल्याच्या हाती द्या. मुलीचे नाव जेनिफर असेल तर 'जेनिफर' असेच लिहा. नाव बदलायचे नाही, लिपी आपली ठेवायची आहे. तो नाही म्हणाला तर केक कोरा आणा आणि घरी लिहा. वेलांटी वाकडी झाली तरी चालेल. 'एम' गळालेला आपण निमूटपणे खाल्लाच आहे! आजीला मात्र ते अक्षर कोणाला न विचारता वाचता आले पाहिजे.