वरचा मजला कोणाचा?

नाशिकच्या सातपूर-अंबडपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत कामगार वस्त्यांत एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. कर्ज काढून घेतलेल्या घरावर आणखी एक मजला चढतो. त्याला बाहेरून लोखंडी जिना, स्वतंत्र ओटा, स्वतंत्र संडास-न्हाणी. खाली मालकाचे कुटुंब, वर कंत्राटी कामगाराचे. भाड्यातून बँकेचा हप्ता भागावा, एवढीच मालकाची अपेक्षा असते.

अशा मालकाला घरमालकवर्गात ढकलून मोकळे होण्याचा मोह चळवळीतील काहींना होतो. उलट, भाड्याच्या घरांचा प्रश्न अशा मजल्यांतूनच परस्पर सुटेल, असे मानणारेही आहेत. दोन्ही भूमिका वस्तुस्थितीला सोडून आहेत.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ७० पाहावे. करारात उलट अट नसेल, तर गहाण मालमत्तेत पुढे पडणारी भरही तारणाचाच भाग होते. गहाण जमिनीवर नंतर बांधलेले घर धनकोच्या तारणात जाते, असे उदाहरणच त्या कलमाखाली दिलेले आहे. म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून, घरातले दागिने मोडून कामगार जो मजला उभारतो, तो उभा राहताच तारणात जमा होतो. बँकेने त्यासाठी एक पैसाही दिलेला नसला तरी! खाते थकीत ठरले, की २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, बँक ताब्याची कारवाई करू शकते.

भाडेकरूची स्थिती याहून नाजूक आहे. गहाण घर भाड्याने देण्याचा मर्यादित अधिकार कलम ६५अ ऋणकोला देते. इमारतीसाठी मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे. परंतु गहाणखतात त्याविरुद्ध अट घालता येते, आणि बँकेच्या लेखी संमतीवाचून घर भाड्याने देऊ नये, अशी अट गृहकर्जाच्या करारांत बहुधा असतेच. शिवाय आपल्याकडील बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे. त्यात राहणाऱ्याला जागेत कोणताच हक्क मिळत नाही. जप्ती आली की त्याचे छप्पर जाते, आणि मालकच बुडाल्यामुळे अनामत रक्कमही जाते.

तेव्हा खरा संघर्ष खालच्या आणि वरच्या मजल्यात नाही. धोका दोघांचा, सुरक्षितता मात्र धनकोची, अशी ही रचना आहे. कर्जाच्या घराने कामगार स्वतंत्र होत नाही, उलट जागेला व मालकाला अधिकच जखडला जातो, हे एंगल्सने १८७२ मध्येच दाखवून दिले होते. हप्त्याच्या भीतीने संपापासून दूर राहणारा कामगार कोणत्या कार्यकर्त्याने पाहिला नाही?

२०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची तूट १ कोटी ८७ लाखांहून अधिक सांगितली. त्यातील सुमारे ९६ टक्के तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. ही तूट लोखंडी जिन्यांनी भरणार नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील जमिनीवर मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिंडोशीला हजारो घरे उभी करून दाखविली. तो कायदाच २००७ मध्ये महाराष्ट्राने गुंडाळून ठेवला.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. भाड्याला संमती नाकारायची असेल, तर बँकेने ठरावीक मुदतीत लेखी कारण द्यावे. जप्ती झाली तरी नोंदणीकृत करार असलेल्या भाडेकरूस मुदत संपेपर्यंत राहू द्यावे आणि लिलावाच्या रकमेतून त्याची अनामत परत करावी. औद्योगिक वसाहतींलगत शासनाने भाड्याची घरे स्वतः बांधावीत.

तोपर्यंत वस्तीपातळीवरचे काम थांबण्याचे कारण नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे किती वस्त्यांत ठाऊक आहे? मालक व भाडेकरू यांना एका बैठकीत बसवून कर्जाची आणि भाड्याची कागदपत्रे एकत्र वाचून दाखविणे, ही या प्रश्नावरील संघटनेची पहिली पायरी ठरेल.