स्नायुवृद्धी आणि अतिव्यायामाचा आग्रह

काही आठवडे शरीराला पेलणार नाही इतका व्यायाम करावा, त्यानंतर काही दिवस तो अगदी हलका करावा, म्हणजे खचलेले शरीर झीज भरून काढताना पूर्वीपेक्षा अधिक स्नायू कमावते, असे मत जिममधून आणि व्यायामशाळांतून ठामपणे मांडले जाते. हे मत झटकून टाकण्यासारखे नाही, कारण त्यामागे एक शास्त्रीय निरीक्षण आणि एक रोजचा अनुभव असे दोन आधार आहेत. मात्र हे आधार नीट तपासले असता त्यांतून अतिव्यायामाचे समर्थन निघत नाही. त्यांत जो ग्राह्य अंश आहे तो भार विचारपूर्वक कमीजास्त करण्याच्या शिस्तीचा आहे.

पहिला आधार ‘अतिपूर्ती’चा, म्हणजे रिकामा झालेला साठा पुन्हा भरताना मूळ पातळी ओलांडण्याचा. १९६६ मध्ये स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग करून व्यायामाची सायकल एकाच पायाने, तो पाय पुरता थकेपर्यंत चालवली आणि पुढे तीन दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घेत दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. थकलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेले शर्करारूप इंधन, विश्रांती मिळालेल्या पायाच्या सुमारे दुप्पट साठले होते. प्रयोग निर्विवाद आहे, परंतु तो इंधनाविषयी आहे. स्नायूचा तंतू प्रथिनांचा बनलेला असतो, तो आठवड्यामहिन्यांनी जाड होतो आणि इंधनासारखा तीन दिवसांत रिता होऊन दुपटीने भरत नाही. म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावणे हा तर्कदोष ठरतो.

झीज जितकी मोठी तितकी वाढ मोठी, हे गृहीतकही टिकत नाही. २०१६ मध्ये ब्राझीलमधील फेलिपे दामास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवख्या तरुणांना दहा आठवडे वजनांचा व्यायाम देऊन स्नायूंची इजा आणि प्रथिनांची नवी घडण या दोन्ही गोष्टी मोजल्या. पहिल्या व्यायामानंतर इजाही सर्वाधिक होती आणि घडणही, पण त्या घडणीचा अखेरच्या वाढीशी संबंध दिसला नाही; इजा ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत मोजलेली घडण मात्र वाढीशी जुळली. याचा अर्थ असा की, इजा मोठी असताना शरीराची शक्ती मुख्यतः डागडुजीवर खर्च होते.

दुसरा आधार अनुभवाचा आहे. हलक्या आठवड्यानंतर तेच वजन सहज उचलले जाते, हे खरे आहे. परंतु साचलेला थकवा उतरल्यामुळे आधीच कमावलेली ताकद तेव्हा उघड होते, त्या आठवड्यात नवा स्नायू तयार झालेला नसतो. मोठे खेळाडू स्पर्धेपूर्वी मुद्दाम अतिभार घेतात, असा दाखला यावर दिला जातो. त्यांचे उद्दिष्ट ठरलेल्या दिवशी सर्वोत्तम कामगिरी करण्याचे असते, स्नायूंचा घेर वाढवण्याचे नव्हे. आणि तेथेही हा दाखला पक्का नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ट्रायथलॉनपटूंवरील एका फ्रेंच अभ्यासात भार वाढवल्यावर ज्यांची कामगिरी खालावली होती, त्यांच्यापेक्षा केवळ थकलेल्या पण न खालावलेल्या खेळाडूंना पुढील हलक्या काळाचा अधिक लाभ झाला.

शिवाय अतिव्यायाम आठवड्याआड घेता येईल अशी गोष्टच नाही. युरोपीय क्रीडाविज्ञान आणि अमेरिकी क्रीडावैद्यक संस्थांनी २०१३ मध्ये संयुक्तपणे केलेल्या वर्गीकरणानुसार, ज्या अतिभारातून शरीर काही दिवसांत किंवा आठवड्यांत सावरते व पुढे सुधारते तो फलदायी. ज्यातून सावरायला आठवडे ते महिने लागतात तो निष्फळ. आणि ज्यात कामगिरीबरोबर झोप, मनःस्थिती व प्रतिकारशक्तीही महिनोन्‌महिने ढासळू शकते तो अतिव्यायामाचा विकार. या पायऱ्यांमधली सीमा आधीच दाखवणारी एकही खात्रीची तपासणी उपलब्ध नाही. म्हणून मुद्दाम सीमेपर्यंत जाण्याचा सल्ला देणारा प्रशिक्षक शिष्याला जी धोक्याची खूण सांगू शकत नाही, तिच्याच भरवशावर त्याला पुढे ढकलत असतो.

या खंडनातून हलक्या दिवसाचे महत्त्व कमी होत नाही, उलट त्याचे खरे स्थान स्पष्ट होते. १९९५ मध्ये कॅनडातील मॅकडूगल आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, जड व्यायामानंतर दंडाच्या स्नायूतील प्रथिनांची घडण चोवीस तासांनी दुपटीहून अधिक होते आणि छत्तीस तासांनी जवळजवळ पूर्ववत होते. त्यामुळे एकाच दिवशी स्नायू पिळून काढून आठवडाभर लंगडत राहण्यापेक्षा तेच काम दोनतीन दिवसांत वाटणे अधिक फलदायी ठरते. उदाहरणार्थ, खांद्यावर शंभर किलोचा बार घेऊन पाच बैठकांचे पाच सेट पेलणाऱ्याने सोमवारी ते पूर्ण करावेत, बुधवारी सत्तर किलोवर तेवढ्याच बैठका शुद्ध ढंगाने काढाव्यात आणि शुक्रवारी पंच्याऐंशी किलो घ्यावेत. सोमवारचे सर्व सेट नीट निघाले तरच पुढच्या सोमवारी अडीच किलो वाढवावेत. या क्रमात हलका दिवस आधीच ठरलेला असतो, त्यामुळे सराव न तुटता सांधे आणि स्नायुबंध सावरतात. नेहमीचे वजन सलग दोन वेळा जड वाटू लागले, झोप उडाली किंवा भूक मेली, तर भार तत्काळ कमी करावा.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम स्वतःच्या बलाच्या अर्ध्यापर्यंतच करावा असे सांगून अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांत क्षय, तृष्णा, कास आणि ज्वर यांची गणना केली आहे. तो नियम आरोग्यासाठी आहे आणि आजच्या वजनांच्या व्यायामाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि श्रमाचे माप करणाऱ्याच्या बलावरून ठरते, हे त्यातील तत्त्व आधुनिक मोजमापांनी खोटे ठरवलेले नाही.

तात्पर्य, जड आणि हलक्या व्यायामाची आलटूनपालटून योजना ग्राह्य आहे, पण तिच्यातील जड दिवस सावरण्याच्या आवाक्यातला असला पाहिजे. पुरेसा भार, त्याची सावकाश वाढ, प्रथिनयुक्त आहार आणि पुरेशी झोप यांनी जे साधते ते मिळवण्यासाठी शरीर आधी मोडण्याची गरज नाही, आणि म्हणून नवशिक्यांना अतिव्यायामाचा सल्ला देणे व्यायामशिक्षकांनी थांबवलेच पाहिजे.