व्हेजवाल्यांचं काय?

सबमिशन संपली, ओरल्स झाल्या की होस्टेलच्या कुठल्यातरी रूममध्ये बीचचा प्लॅन शिजायला लागतो. आधी गाडी ठरते, मग पुढच्या सीटवर कोण बसणार ते ठरतं, मग बॅट कुणाची आणि स्पीकर कुणाचा. जेवणाचा विषय निघाला की एका मिनिटात निकाल. "तिकडे गेल्यावर सुरमई, कोलंबी, बास!" तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी विचारतं, "आणि व्हेजवाल्यांचं काय?" उत्तर ठरलेलं असतं. "बघू रे तिथे, मिळेल काहीतरी."

हे 'काहीतरी' म्हणजे वेफर्सचं पाकीट, क्रीमची बिस्किटं आणि फारच नशीब असेल तर बटाटाभजी. तीही ज्या तेलात आधी बोंबील तळले त्याच तेलातली!

मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. पिकनिकचं शाकाहारी जेवण सगळ्यात आधी ठरवावं, आणि ते व्हेजवाल्यांसाठी नाही तर अख्ख्या ग्रुपसाठी ठरवावं. मासे नंतर, वरचे. हे सांगणारा मी काही शाकाहाराचा प्रचारक नाही. कोकणातला आहे. बांगड्याच्या तिखल्यासमोर मला परीक्षासुद्धा आठवत नाही. तरीही हे म्हणतोय, त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण गणिताचं. शाळेत मसावि काढायचो ना? बारा जणांच्या ग्रुपचा काढून बघा. दोघे पक्के शाकाहारी. एक जैन, त्याला कांदा-लसूण-बटाटा नको आणि सूर्यास्तानंतर जेवण नको. एकीची संकष्टी. एकजण अंडं खातो पण मंगळवारी नाही. या सगळ्यांना चालेल असं जे उरतं, ते साधं शाकाहारी जेवणच असतं. ते सुरमईवाल्यालाही चालतं. सुरमई मात्र सगळ्यांना चालत नाही. म्हणजे सामायिक काय आणि ऐच्छिक काय हे आपोआपच ठरलं.

दुसरं कारण घड्याळाचं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जायला चार-पाच तास सहज लागतात. पहाटे पाचला भरलेला डबा दुपारी एकला उघडणार, म्हणजे आठ तास तो बंद गाडीत आणि दमट हवेत. शिजवलेला ओलसर पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. त्यामुळे पुलाव, बटाट्याची ओली भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीरची ग्रेव्ही हे सगळं बाद. भाताचं तर विशेष. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात गरम जागी पडून राहिला की त्यांचं विष तयार होतं. ते परत गरम करूनही जात नाही.

मग न्यायचं काय? आपल्या आज्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवलेल्या दशम्या, धपाटे, गूळपोळी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं... एसटी आणि बैलगाडीच्या प्रवासातून पास झालेले पदार्थ आहेत हे! बारा जणांना साठ दशम्या पुरतात. एक चटणी बिनलसणाची करा, म्हणजे जैन मित्राला वेगळा डबा उघडून बसावं लागत नाही. काकडी आणि गाजर अख्खी न्या, तिथेच चिरा. भेळेचं सामान सुटं न्या, कांदा बाजूला ठेवा. उपासवाल्यांसाठी राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. कोकम सरबताची एक बाटली. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. आणि हे सगळं सुरूच्या बनात सावलीत बसून खा. भर वाळूत बसलात तर चटणीपेक्षा वाळूच जास्त पोटात जाईल.

तिसरं कारण पैशाचं, आणि यावर कुणी बोलत नाही. काँट्री सगळ्यांची सारखी. एकजण पापलेट थाळी खातो, दुसरा त्याच पैशात वरण-भात. हिशेब मागितला तर "काय रे, मित्रांत पैसे मोजतोस?" मोजायला पाहिजेत! गाडी, पाणी आणि सगळ्यांचं सामायिक जेवण काँट्रीतून. माशांची थाळी ज्याची त्याने द्यावी. भांडणच संपलं.

आणखी एक गैरसमज. समुद्रकिनारा म्हणजे फक्त मासे, असं नाही. त्याच किनाऱ्यावर वालाचं बिरडं होतं, काळ्या वाटाण्याची उसळ होते, फणसाची भाजी, घावणे, सोलकढी, उकडीचे मोदक होतात. दिवेआगर, गुहागरकडे घरगुती खानावळींतून हे जेवण मिळतं. अट एकच, आदल्या दिवशी फोन करायचा. बारा जण अचानक दारात उभे राहिले तर मोदक कुठून येणार? फोनवरच विचारून घ्या की तवा आणि तेल वेगळं आहे का. थंडीत रायगडात गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवून वरून जाळ. कोंबडी-अंडी घालायची असतील तर दुसरं मडकं लावा. जाळ एकच, गप्पा एकच.

आता दोन शब्द व्हेजवाल्यांनाही. शेजारच्याच्या ताटातल्या माशाकडे बघून नाक मुरडू नका. ज्या गावात आपण पाहुणे म्हणून जातो तिथल्या लोकांचं पोट त्यावर चालतं. आणि नॉनव्हेजवाल्यांनो, "एकदा खाऊन तर बघ" हा विनोद आता पुरे. कुणी घरच्या रीतीमुळे खात नाही, कुणी श्रद्धेने, कुणी नुसतंच आवडत नाही म्हणून. ती काही व्हायवा नाही, प्रत्येकाने उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

"मुली आणतील की डबे" हेही बंद करा. होस्टेलच्या मुलींच्या खोलीत काय चूल आहे? त्यांचीही मेसच, आपलीही मेसच. रेक्टर सर आणि मेस कमिटीला एक विनंती. दोन दिवस आधी नावं दिली तर रविवारच्या जेवणाऐवजी दशम्या-चटणी बांधून द्यायची सोय करावी. जेवण वाया जाणार नाही आणि आमचे पैसेही. पत्रावळ्या आम्ही आणू. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि किनारा आपल्यानंतरही कुणालातरी बघायचा असतो. खरकटं आणि कचरा पिशवीत भरून परत आणायचा.

हे सगळं एका डब्यासाठी कशाला, असं वाटेल. पण "मला भूक नाही" म्हणत दिवसभर वेफर्सवर काढणारा एफईचा मुलगा भांडत नाही, तक्रार करत नाही. पुढच्या वेळी तो फक्त "असाइनमेंट आहे" म्हणतो आणि रूमवर थांबतो. ग्रुप म्हणतो, "तो जरा बोअरच आहे." त्याला बोअर ठरवलं कुणी? आपल्या 'बघू तिथे'ने!

म्हणून एक सुचवतो. पुढची पिकनिक ठरेल तेव्हा व्हेज जेवणाची जबाबदारी मासे खाणाऱ्यावर टाका. नाहीतर दर वेळी शाकाहारी माणूसच स्वतःचा आचारी होतो. आणि ताजे मासे कुठल्या खानावळीत मिळतात याची चौकशी व्हेजवाल्याने करावी. दोन फोन, दहा मिनिटं. एवढं होत असेल तर गाडीत पुढे कोण बसणार यावर खुशाल तासभर भांडा.