सूर्यनमस्कारांनी न जाणारा थकवा

कोविड होऊन गेल्यावरही ज्यांची तब्येत सावरली नाही, अशा माणसांची कानउघाडणी करणारा एक लेख नुकताच वाचनात आला. पूर्वपक्ष थोडक्यात असा: विषाणू केव्हाच गेला, रिपोर्ट नॉर्मल आहेत, उरलाय तो आळस आणि मोबाइलवर लक्षणं शोधत बसण्याचा नाद. उपाय काय, तर पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, रोज दोन-दोन वाढवा, महिन्याभरात ठणठणीत व्हाल. पी हळद आणि हो गोरी! मी स्वतः या दुखण्यात आहे आणि असा सल्ला पाळून आणखी खचलेली माणसं मला माहीत आहेत. म्हणून हे उत्तर.

किरकोळ मुद्दे आधी उरकते. रिपोर्ट नॉर्मल येतात, कारण जे बिघडलंय ते बहुतेकदा रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत आणि छातीच्या एक्स-रेत दिसतच नाही. असा आजारच नाही म्हणावं, तर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्येच त्याची व्याख्या केली आहे. आणि हे फक्त ऑक्सिजनवर गेलेल्यांना होतं असंही नाही. चार दिवसांच्या तापावर घरीच निभावलेले कितीतरी जण आज यात अडकले आहेत.

आता मूळ मुद्दा, व्यायामाचा. आमच्यापैकी अनेकांच्या दुखण्याची खूण केवळ थकवा ही नाही. श्रम झाले की काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळी लक्षणं एकदम उसळतात, ही ती खूण आहे. मध्यंतरी बरं वाटलं म्हणून मी ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापल्या. त्या दिवशी काहीच झालं नाही. घरच्यांना वाटलं, आली गाडी रुळावर. दुसऱ्या दिवशी दुपारी हात उशीवरून उचलवेना, पंख्याची घरघर सोसेना आणि मुलीने विचारलं, ‘आई, दूध कुठे ठेवलंय?’ तर ‘फ्रिज’ हा शब्द सापडेना. व्यायाम सांगणाऱ्याला दिसतो तो पहिला दिवस. घाम आला, चेहरा उजळला, पेशंट हसत घरी गेला. पुढचे दिवस अंधाऱ्या खोलीत जातात, तिथे सल्लागार नसतो. तिसऱ्या आठवड्यात पेशंट येईनासा झाला की हा शेरा मारतो: चिकाटी नाही.

हे केवळ माझं रडगाणं नव्हे. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २५ रुग्णांना आणि २१ निरोगी माणसांना सायकल मारायला लावली, आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. श्रमानंतर रुग्णांच्या स्नायूंत जास्त इजा दिसली आणि पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता घसरलेली आढळली. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून स्नायूंना इजा होत नसते.

हा वादही नवा नाही. १९५५ साली लंडनच्या एका रुग्णालयात जवळजवळ तीनशे कर्मचारी अशाच लांबलेल्या दुखण्याने आजारी पडले. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, त्यातल्या एकाही रुग्णाला न तपासता, जुने कागद चाळून निकाल दिला की हा सामूहिक उन्माद होता. पुरावा कोणता, तर आजारी पडलेल्यांत बायका जास्त! पुढे अशा रुग्णांना पायरीपायरीने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनमध्ये अनेक वर्षं दिला गेला आणि २०२१ मध्ये तिथल्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतून तो काढून टाकावा लागला. जे तिथे मोडीत निघालं, ते इथे रामबाण म्हणून विकलं जातंय.

आणि आपण चिकनगुनिया विसरलो काय? २००६ मध्ये महाराष्ट्रात गावंच्या गावं आडवी झाली. ताप आठवड्यात उतरला, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले राहिले. ‘विषाणू गेला, आता उड्या मारा,’ असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिकनगुनियाच्याच कुळातल्या रॉस रिव्हर तापासह तीन संसर्गांच्या २५३ रुग्णांचा त्यात पाठपुरावा केला होता. सहा महिन्यांनीही १२ टक्के रुग्ण खिळलेलेच होते. कोण खिळून राहील याचा अंदाज मूळ आजार किती जोराचा होता यावरून आला, मनाच्या ठेवणीवरून नाही.

मग करायचं काय? श्रमानंतर ज्यांना हा फटका बसत नाही, त्यांनी खुशाल हळूहळू व्यायाम वाढवावा. कोण कुठल्या गटात, हे आधी विचारा. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तीस ठोक्यांनी वा अधिक चढते का, हे कुठल्याही दवाखान्यात मोजता येतं, ते मोजा. श्रमानंतर ज्यांना फटका बसतो, त्यांनी ताकद संपायच्या आत थांबायचं, बरं वाटलं त्या दिवशीही. मी आता स्टुलावर बसून कणीक मळते, आंघोळीलाही स्टूल घेते. कचेऱ्यांनी अशा माणसाला अर्धा दिवस काम आणि घरून काम द्यावं. हमखास बरं करणारं औषध आज नाही. पण अनेकांना हळूहळू उतार पडतो; दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या. मला बरं व्हायचं आहे, आणि तेवढ्यासाठीच मी थांबते.

ज्यांना व्यायाम सांगायचाच आहे, त्यांनी सांगावा. पण तिसऱ्या दिवशी फोन करून पेशंटची विचारपूस करावी आणि तो जे सांगेल ते त्याच्या कागदावर लिहावं. एवढीही तसदी जो घेत नाही, त्याला आम्हाला आळशी म्हणण्याचा अधिकार नाही.